मोबाइलवर नोंद झाली, पण गोळी पोटात गेली का?

आरोग्य डिजिटल झालं म्हणजे गावातल्या रुग्णाला नेमकं काय मिळालं : एक विश्लेषण

उपकेंद्रात बीपी मोजायला गेलेल्या माणसाला आता आधी मोबाइल नंबर विचारतात. मग आधार, मग ओटीपी. ओटीपी जातो पुण्याला कामाला असलेल्या पोराच्या फोनवर. पोरगा ड्युटीवर असतो, फोन उचलत नाही. बाहेर बाकावर दहा माणसं ताटकळत बसलेली. सिस्टर म्हणतात, "बाबा, उद्या या." बाबा घरी जातात, आणि उद्या येतातच असं नाही.

दुसरीकडे, याच मोबाइलमुळे तालुक्याला न जाता उपकेंद्रात बसून डॉक्टरशी बोलता येतं, गरोदर बाईला दर आठवड्याला सल्ल्याचा फोन येतो, बीपीची गोळी चुकवणाऱ्याचं नाव सिस्टरला दिसतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून डिजिटल आरोग्य चांगलं की वाईट, या वादात पडण्यात अर्थ नाही. ते कुठे चालतं, कुठे अडतं आणि का, हे गावाला कळणं जास्त कामाचं आहे.

दुखणंच असं की रोज लक्ष हवं

पूर्वी दवाखाना म्हणजे ताप आला, सुई घेतली, बरं झालं. आता गावोगावी बीपी आणि साखरेचे रुग्ण आहेत. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 31 कोटींहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब. हा आता फक्त शहरातला आजार राहिलेला नाही.

या आजारांची खोड अशी की काही दुखत नाही. बीपी 140/90 च्या वर असलं तरी माणूस शेतात जातो, बैल सोडतो, लग्नात जेवतो. आठ दिवस गोळी घेतली, बरं वाटलं, बंद केली. मग एक दिवस लकवा मारतो आणि घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो. टीबीचंही तसंच. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि गोळ्या सुटतात. अर्धवट सोडलेला टीबी उलटला तर औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

म्हणजे खरा प्रश्न डॉक्टरने एकदा तपासण्याचा नाही. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं रुग्णाच्या मागे कोण राहणार, हा आहे. मोबाइलचा उपयोग इथेच होईल असं सरकारला आणि संस्थांना वाटलं, आणि त्यात चूक काही नव्हती.

मिस्ड कॉलची गोष्ट

टीबीच्या औषधासाठी पूर्वी रुग्णाने कार्यकर्त्यासमोर गोळी गिळायची पद्धत होती, तिलाच डॉट्स म्हणत. मजुरी बुडवून जाणं रुग्णाला जड जायचं. मग 99 डॉट्स नावाची युक्ती आली. गोळ्यांच्या पाकिटाला खास वेष्टन लावलं. गोळी बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नाहीत, स्मार्टफोन लागत नाही, साधा बटनाचा फोन पुरतो. कॉल आला की संगणकात नोंद होते : आज गोळी घेतली.

युक्ती साधी होती, स्वस्त होती. पण पुढे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी न सांगता जाऊन लघवीची तपासणी केली गेली, कारण औषध पोटात गेलं असेल तर ते लघवीत दिसतं. संगणकातली नोंद आणि लघवीतलं औषध यांचा मेळ पुरेसा बसला नाही. काहींचा कॉल आला होता, पण औषध घेतलेलं नव्हतं. काहींनी औषध घेतलं होतं, पण कॉल दिला नव्हता.

याचं कारण गावातल्या कुणालाही सांगता येईल. फोन नवऱ्याकडे असतो, नवरा कामावर असतो. बॅटरी उतरलेली असते. रेंज नसते. कधी घरातलं दुसरंच कुणीतरी रोजचा कॉल देऊन मोकळं होतं. टीबी झाल्याचं शेजारी कळू नये म्हणून काही जण कॉल देणंच टाळतात. मिस्ड कॉल म्हणजे मिस्ड कॉल, त्यावरून गोळी गिळली असं ठरत नाही.

म्हणून ही नोंद निरुपयोगी ठरते का? तसंही नाही. सलग चार दिवस कॉल आला नाही तर कार्यकर्त्याने घरी जाऊन बघावं, एवढा इशारा त्यातून मिळतो. इशारा मिळाल्यावर घरी जाणारं माणूस असेल तर पद्धत कामाची. माणूसच नसेल तर संगणकात लाल खूण तेवढी उरते.

बीपीच्या अ‍ॅपने काय शिकवलं

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात पाच राज्यं होती, त्यात महाराष्ट्र होता. राज्यातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे सुरुवातीला घेतले. रुग्णांची नोंद ठेवायला काही ठिकाणी 'सिंपल' नावाचं अ‍ॅप वापरलं. रुग्णाला क्यूआर कोड असलेलं छोटं कार्ड मिळायचं. सिस्टरने ते स्कॅन केलं की मागचं बीपी, चालू गोळ्या, पुढची तारीख समोर. रेंज नसली तरी अ‍ॅप चालतं, नंतर नेट आलं की माहिती वर जाते.

या अ‍ॅपमधली सगळ्यात कामाची गोष्ट एक यादी होती. तारीख उलटून गेली तरी न आलेल्या रुग्णांची यादी. सिस्टरने ती बघायची, फोन लावायचा : "काका, गोळ्या संपल्या असतील ना? या की."

2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांचं बीपी आटोक्यात आल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. पण हे नीट वाचायला हवं. हा उपक्रम पाच गोष्टींवर उभा होता. कोणत्या रुग्णाला कोणती गोळी, याचा एकच ठरलेला तक्ता. गोळ्यांचा न तुटणारा पुरवठा. डॉक्टरचं काही काम सिस्टर आणि कर्मचाऱ्यांत वाटून देणं. घराजवळ उपकेंद्रातच महिनाभराच्या गोळ्या देणं. आणि पाचवी, नोंद ठेवण्याची पद्धत.

पाचांतली एकच गोष्ट मोबाइलची होती. बाकीच्या चार नसत्या तर यादी बघून फोन केला असता, काका आले असते, आणि गोळ्या संपल्यात असं ऐकून परत गेले असते. पुढच्या वेळी फोन उचललाही नसता. आपल्या भागात एखादं अ‍ॅप फसलं की लोक म्हणतात, "अ‍ॅप बोगस आहे." बऱ्याचदा अ‍ॅप ठीक असतं, औषधाची फडताळं रिकामी असतात.

व्हिडिओवरचा डॉक्टर

केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा 2019 च्या अखेरीस सुरू झाली आणि कोरोनाच्या काळात वाढली. फेब्रुवारी 2023 पर्यंत तिच्यावर देशभरात 10 कोटी सल्ले झाले होते. यात दोन वाटा आहेत. एक, रुग्ण घरूनच आपल्या फोनवरून डॉक्टरशी बोलतो. दुसरी, उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतात, बीपी-साखर मोजतात आणि मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरला व्हिडिओवर जोडून देतात.

गावासाठी दुसरी वाट जास्त उपयोगाची. कारण रुग्ण एकटा पडत नाही. काय होतंय ते डॉक्टरला नीट सांगायला, डॉक्टर काय म्हणाले ते आपल्या भाषेत समजावायला माणूस शेजारी असतो. म्हातारीला कानाने कमी ऐकू येत असेल तर स्क्रीनवरचा डॉक्टर काय करणार?

फोनवरच्या उपचाराचे नियमही आहेत. मार्च 2020 मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार डॉक्टरने चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक द्यायला हवा. गुंगीची, व्यसन लावणारी ठरावीक औषधं फोनवर लिहून देता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही असं वाटलं तर डॉक्टरने रुग्णाला दवाखान्यात बोलवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून, नाव-नंबर काहीच न लिहिता औषध सांगणारा कुणी भेटला तर त्याला नोंदणी क्रमांक विचारायचा हक्क रुग्णाला आहे.

आणि छातीत दुखणं, साप चावणं, बाळंतपणाच्या कळा, झटका, तोंड वाकडं होणं, अशा वेळी व्हिडिओ कॉलची वाट बघायची नाही. थेट 108.

फोन कुणाचा, हा साधा प्रश्न

योजना आखताना गृहीत धरतात की घरात फोन आहे म्हणजे रुग्णाकडे फोन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे 54 टक्के बायकांकडे होता. ग्रामीण भागात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी. तेव्हापासून फोन वाढले आहेत, पण घरातला चांगला फोन पोराकडे आणि जुना, काच फुटलेला आईकडे, हे चित्र घरोघरी आजही दिसतं.

गरोदर बायकांसाठीच्या सेवांत हे लगेच जाणवतं. 'किलकारी' ही सरकारी सेवा गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 आवाजी संदेश देते. फेब्रुवारी 2024 मध्ये ती महाराष्ट्रातही सुरू झाली. वाचता येत नसलं तरी ऐकता येतं, ही तिची जमेची बाजू. पण फोन नवऱ्याकडे असेल तर लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचा सल्ला नवराच ऐकतो, किंवा कंपनीचा फोन समजून कट करतो.

मुंबईच्या 'अरमान' संस्थेची 'एम-मित्र' ही अशीच सेवा. तिथे असं दिसलं की काही आठवड्यांनी बऱ्याच बायका संदेश ऐकणं सोडतात. मग कोण सोडण्याच्या बेतात आहे याचा अंदाज संगणकाकडून घेऊन, त्या बायकांना संस्थेच्या माणसांनी स्वतः फोन केले. या पद्धतीने गळती सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली. संगणकाने नाव काढून दिलं, पण बाई पुन्हा ऐकायला लागली ती माणसाच्या फोनमुळे.

नोंदीचं ओझं कुणाच्या डोक्यावर

आता ज्यांच्या हातात हे सगळं चालतं त्यांच्याकडे बघू. आशाताई, अंगणवाडीताई, सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी. घरोघरी जायचं, वही भरायची आणि तीच माहिती पुन्हा अ‍ॅपमध्ये भरायची. टीबीसाठी एक पोर्टल, बीपी-साखरेसाठी दुसरं, गरोदर मातांसाठी तिसरं.

2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन सारखे बंद पडतात, अ‍ॅपमध्ये इंग्रजीत माहिती भरावी लागते, दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जातो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. 2023 आणि 2024 मध्ये आशांनी मानधनासाठी संप केले, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती हाही एक मुद्दा होता.

हे फक्त त्यांचं गाऱ्हाणं म्हणून सोडून देता येणार नाही. आशाताईचा तास मोबाइलमध्ये गेला तर तो कुणाच्या तरी दारातून कमी झालेला असतो. वर बसलेल्या साहेबाला स्क्रीनवर किती नोंदी झाल्या ते दिसतं. किती लोकांचं बीपी उतरलं, ते तितक्या ठळक दिसत नाही. मग नोंदी वाढवा असा निरोप खाली येतो आणि खाली नोंदी वाढतात.

गडचिरोलीची आठवण इथे ठेवायला हवी. तिथे 'सर्च' संस्थेने डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या नेतृत्वाखाली 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. वजनकाटा, थर्मामीटर, थोडी औषधं आणि वारंवार भेट. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी. तेव्हा त्या बायकांच्या हातात मोबाइल नव्हता. आज असता तर काम सोपं झालं असतं, पण भेटीच्या जागी नुसता मोबाइल ठेवला असता तर तो आकडा आला नसता.

आभा वेगळं, आयुष्मान वेगळं

गावात सगळ्यात जास्त घोळ या दोन कार्डांचा आहे. आभा म्हणजे 14 आकडी नंबर. आपले तपासणी अहवाल, चिठ्ठ्या एका ठिकाणी जोडायचा तो धागा. त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आयुष्मान कार्ड हे 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचाराच्या योजनेचं. "आभा काढलं, आता ऑपरेशन फुकट," असं समजून कुणी दवाखान्यात गेलं तर पदरी निराशा येते.

आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून सरकारी दवाखान्यातला उपचार अडता कामा नये. आपली माहिती दुसऱ्या दवाखान्याला द्यायची तर रुग्णाची संमती लागते. आणि माहितीची काळजी उगाच नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या रुग्णालयावर सायबर हल्ला झाला आणि संगणकी कामकाज जवळपास दोन आठवडे कोलमडलं होतं. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण गावात पहिलं संरक्षण आपलं आपणच करायचं आहे. "कार्ड अपडेट करा" म्हणून आलेली लिंक उघडायची नाही. फोनवर कुणालाही ओटीपी सांगायचा नाही. कार्ड काढायचं तर उपकेंद्रात, समोरासमोर. आणि टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार यांची माहिती गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं हा त्या माणसावर अन्याय आहे, मग टाकणारा पदाधिकारी असो की नातेवाईक.

गावाने काय विचारायचं

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला 10 हजारांपर्यंतचा अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच असते. पुढच्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारले तरी बरंच उघड होईल.

एक : गावात बीपी-साखरेचे नोंद झालेले रुग्ण किती, आणि त्यातले गेल्या महिन्यात गोळ्या घ्यायला आले किती? कुणाचंही नाव न घेता हा आकडा सांगता येतो.

दोन : बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या उपकेंद्रात गेल्या तीन महिन्यांत किती दिवस नव्हत्या?

तीन : ई-संजीवनीवर डॉक्टर कोणत्या दिवशी, किती वाजता भेटतात? ती वेळ उपकेंद्राच्या दारावर लिहिलेली आहे का?

चार : ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची नोंद कागदावर होते, की त्यांना परत पाठवतात?

टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा 1 हजार रुपये मिळतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही रक्कम 500 होती. पैसे थेट बँक खात्यात येतात, त्यामुळे खात्याचा तपशील चुकला की रक्कम अडकते. आली नसेल तर उपचार केंद्रात निक्षय पोर्टलवरची आपली नोंद तपासून घ्यायला सांगावं. टीबीची मोफत हेल्पलाइन 1800-11-6666 आहे. मन अस्वस्थ असेल, नको ते विचार येत असतील तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. रुग्णवाहिकेसाठी 108.

घरातही एक काम करता येईल. आई-वडिलांच्या गोळीची वेळ फोनवर अलार्म लावून ठेवता येते, त्याला कोणतंही अ‍ॅप लागत नाही. बीपीचा आकडा आणि तारीख वहीत लिहिली, तर नेट नसलं तरी डॉक्टरला दाखवता येते. आणि पुण्या-मुंबईच्या पोराने रात्री फोन केला तर जेवलीस का याबरोबर गोळी घेतलीस का, हेही विचारावं. आई "घेतली" म्हणाली आणि खात्री वाटत नसेल, तर पाकिटात किती उरल्यात ते मोजून सांगायला लावावं.